अमोस मॅब्री वर्गात नाही

२७ ऑगस्ट, मंगळवार

नोकरी लागली. या वयात! बायको व्हर्ना म्हणाली, "ओडेल, जन्मभर पेंडीची पोती मोजलीस, आता पोरं मोज. वजनात फारसा फरक नाही."

बोलायला काय जातं तिचं. पण खोटं नाही. कॉलेजच्या फुटबॉल संघातली पोरं वर्गाला येतात की नाही हे दारात उभं राहून बघायचं, एवढंच काम. ऑफिसनं फोन दिलाय. त्यात नावं आहेत. पोरगा आला की हिरवं बटण, नाही आला की लाल. खेळाडूंच्या अभ्यास-विभागाचा साहेब कोलिन हॅस्किन्स. माझ्या रविवारच्या बुटांचं वय त्याच्याहून जास्त असेल. त्यानं समजावलं, "मिस्टर ओडेल, सोपं आहे. पोरांनी खेळायला हवं. खेळायचं तर पास व्हायला हवं. पास व्हायचं तर वर्गात बसायला हवं. बास."

"आणि शिकायला?" मी विचारलं.

तो मनापासून हसला. मी विनोद केला नव्हता.

मी आठवीत शाळा सोडली. पुढचं जे काही आलं ते पंचांगातून, बायबलमधून आणि गिरणीच्या जेवणाच्या सुट्टीत वाचलेल्या जुन्या पेपरांतून. कॉलेजची इमारत या गावात राहून बाहेरून रोज पाहिली. आत पाऊल आज पडलं. दाराबाहेर उभं राहूनही आतलं थोडं ऐकू येतं. तेवढं फुकट.

१० सप्टेंबर, मंगळवार

मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी दहाला माझा मोठा वर्ग असतो, 'मनोरंजन व्यवस्थापनाची मूलतत्त्वे'. आज दाराला कान लावून ऐकलं. सहलीला खुर्च्या कशा मांडाव्यात यावर बाई बोलत होत्या. मला वाटलं ही प्रस्तावना असेल. तास संपला तरी खुर्च्याच चालू होत्या.

चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे भिंत करून उभी राहणारी आमची पाच पोरं. त्यातली चार याच वर्गात. मधला ह्यूइट, चेंडू मागे देऊन खेळ सुरू करणारा, तोंडाचा फटकळ. आणि डावीकडचा अमोस मॅब्री. हा आला की दार आधी अंधारतं, मग तो दिसतो. पण जिभेवर साखर. "गुड मॉर्निंग, मिस्टर ओडेल. गुडघा काय म्हणतोय?" असं विचारल्याशिवाय आत जात नाही. बाकीचे कानात बोळे घालून जातात.

अशी पोरं पाहिली की वाटतं, संस्कार अजून कुठेतरी शिल्लक आहेत. हिरवं दाबलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

संस्कार गेले चुलीत!

हॅस्किन्सनं बोलावून घेतलं. बाईंनी कळवलं की मॅब्री छोट्या परीक्षांना नसतोच. माझ्या फोनवर मात्र महिनाभर सगळं हिरवंगार. मला म्हणतो, "मिस्टर ओडेल, तुम्ही नक्की बघता ना?"

मी बघतो! पुढच्या दारानं आत जाताना बघतो. या वर्गाला मागे आणखी एक दार आहे, हे मला कोणी सांगितलं? आज हजेरी नोंदवल्यावर लगेच इमारतीला वळसा घालून मागे गेलो. गुडघा बोंब मारत होता. तर हे महाशय जिन्यावरून उतरतायत, दबक्या पावलांनी, म्हणजे रेडा दबक्या पावलांनी चालेल तसे.

"अमोस मॅब्री!"

"मिस्टर ओडेल," तो म्हणाला आणि चेहरा असा पाडला की मलाच वाईट वाटलं. "सॉरी, सर. जावं लागेल. उशीर होतोय." आणि पळाला. एवढं धूड एवढ्या वेगात पळताना मी फक्त शनिवारी मैदानावर पाहिलंय.

कशाला उशीर? ज्या ठिकाणी त्यानं वेळेवर असायचं, तिथूनच तर तो निघाला होता. लाल दाबलं. पहिलं लाल.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

नियम कोच ड्रूरींनी स्वतः केलेत आणि कपडे बदलण्याच्या खोलीत भिंतभर रंगवून घेतलेत. एका पोराचं लाल आलं की त्याच्याबरोबरची सगळी फळी पहाटे स्टेडियमच्या पायऱ्या चढते-उतरते. तिसरं लाल आलं तर पुढच्या सामन्याचा पहिला अर्धा भाग तो पोरगा बाकावर. नाव कोणाचंही असो.

आज ह्यूइट मला बघून भिंतीला टेकला. "मिस्टर ओडेल, खाल्लं त्यानं आणि ओकलो आम्ही. तुम्हाला रात्री झोप लागते?"

"मला लागते. तुमच्या मित्राला विचारा, तो कुठे जातो."

"विचारलं. म्हणतो, 'एक काम आहे.' चार दिवस झाले, काम आहे, काम आहे. ह्याला काय काम? याचं काम आमच्या डावीकडे उभं राहणं!"

८ ऑक्टोबर, मंगळवार

दोन आठवडे अमोस गुपचूप खुर्च्यांच्या वर्गात बसला. मी दार उघडून आत डोकावून बघतो आता. बाईंना आवडत नाही, नको आवडू दे. तो शेवटच्या रांगेत बसतो आणि सारखं घड्याळाकडे बघतो. जणू त्याचं पोर कुठेतरी रडतंय.

वर्ग सुटल्यावर थांबवलं. व्याख्यान देणार होतो, पण नाकाला वास आला. शेण. मी गिरणीत जन्म काढलाय, गाईगुरं करणाऱ्यांच्यात वाढलोय, मला शेण सांगायला नको. बूट माखलेले. बोटं पिवळी, आयोडीन लावल्यासारखी. आणि कोपराच्या वर काहीतरी वाळलेलं.

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोरगी! गावाबाहेर कुठल्यातरी दुधाच्या गोठ्यावरची. मीसुद्धा व्हर्नासाठी तिच्या बापाच्या गोठ्यात महिनोन् महिने घमेली उपसली आहेत. तर अमोसला म्हटलं, "बेटा, पोरी कुठे पळून जात नाहीत. पदवी पळून जाते."

तो म्हणाला, "सर, मनोरंजनाची पदवी घेऊन माणूस काय करतो?"

"पदवी ती पदवी! मला विचार."

घरी येऊन व्हर्नाला सांगितलं. ती मक्याची भाकरी तव्यावर उलटत होती. म्हणाली, "शेण वाळलेलं होतं?"

"बुटांवर? हो."

"मग पोरगी नाही. पोरीकडे जाणारा आधी बूट धुतो. तू धुवायचास, माझे वडील बघायचे आणि हसायचे."

बायकांना सगळं माहीत असतं असं त्यांना वाटतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

दुसरं लाल. मागच्या दाराला मी गडी नेमला होता (म्हणजे झाडूवाल्या मार्टीला कॉफी पाजली होती), तर हा खिडकीतून गेला. खिडकीतून! एवढी मोठी खिडकी या इमारतीत आहे हेच मला माहीत नव्हतं.

फोनचं चार्जिंग करायला ऑफिसात गेलो तर हॅस्किन्सच्या खोलीचं दार अर्धं उघडं. आत अमोस. मी मुद्दाम ऐकलं नाही. पण बहिरा नाही.

"तू खेळायला पात्र आहेस," हॅस्किन्स सांगत होता. "गुण ठीक. पदवी वेळेवर. अडचण काय आहे नेमकी?"

"मला पशुविज्ञानात जायचंय. मी पहिल्या वर्षीच लिहून दिलं होतं, सर."

"आणि मी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. त्याची प्रयोगशाळा दुपारी दोन ते पाच. सराव तीनला. तू दोन ठिकाणी कसा असशील?"

"सकाळचा वर्ग तरी द्या. डॉक्टर फ्लड म्हणतात..."

"सकाळच्या वर्गानं काय होणार? पुढे दुपारचं लागतंच. बघ अमोस, तुझ्या भल्यासाठी सांगतो. त्या विषयात पोरं गटांगळ्या खातात. नापास झालास तर खेळायचा नाहीस, खेळला नाहीस तर शिष्यवृत्ती नाही. मी तुला वाचवतोय."

अमोस बाहेर आला. मला बघून न बघितल्यासारखं केलं. आज गुडघ्याचं विचारलं नाही.

हॅस्किन्सचं म्हणणं मला पटतंय, तरी काहीतरी खटकतंय. जेवणात भोपळ्याचा केक होता, तोही गोड लागला नाही. पोराला एवढी जनावरांची हौस होती तर त्या पोरीच्या गोठ्यात भागत नाही का?

३१ ऑक्टोबर, गुरुवार

हजर. हजर. हजर. आज दार उघडलं तर अमोस खुर्च्यांच्या वर्गात बसून मांडीवर दुसरंच काहीतरी वाचत होता. गाईच्या पोटाचं चित्र. खोल्याखोल्यांचं. मी डोळे वटारले. त्यानं पान उलटलं.

बाहेर आल्यावर आपण होऊनच म्हणाला, "मिस्टर ओडेल, आमच्या गावाकडे गुरांचा डॉक्टर दीड तासावर. माझ्या मावशीची पहिलटकरीण गाय अडली होती. तो येईपर्यंत गाय गेली, वासरूही गेलं. मी तेव्हा बाराचा. मी पाय धरून ओढत होतो. चुकीचं ओढत होतो, ते आता कळतंय."

"आता कसं कळतंय?"

तो हसला आणि पळाला. सरळ उत्तर द्यायला या पिढीला काय होतं?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारी ब्लँटन कॉलेजशी सामना. या आठवड्यात गावात माणसं एकमेकांना नमस्कार करत नाहीत, फक्त "ब्लँटन" म्हणतात. न्हाव्यानं दाढी अर्धी सोडून डावीकडच्या भिंतीचं महत्त्व समजावलं.

हॅस्किन्स स्वतः येऊन भेटला. हातात माझ्यासाठी संघाची टोपी. "मिस्टर ओडेल, या आठवड्यात फोन जरा गडबड करतात. लाल बटण नीट चालत नाही, असं बऱ्याच जणांनी सांगितलं."

"माझं चालतं."

"नाही चालत," तो म्हणाला. टोपी माझ्या हातात ठेवून गेला.

मला राग कशाचा आला तेच कळेना. सत्रभर पोरांना पहाटे पायऱ्या चढवल्या त्या याच बटणावर. आता तेच बटण नादुरुस्त! कुंपणच शेत खायला लागल्यावर राखणदारानं काय करायचं? टोपी मात्र चांगली आहे. व्हर्नाला दिली.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

क्रमानं लिहितो.

दहाला दार उघडलं. शेवटची रांग रिकामी. अमोस नाही. मी फोन काढला तसा ह्यूइट उठून आला. "मिस्टर ओडेल, थांबा. दाबू नका. तिसरं आहे. तो कुठे असतो ते आम्हाला काल कळलंय. दहा मिनिटं द्या, उचलून आणतो." आणि बाई बघतायत तोवर तिघेही बाहेर.

"अरे, म्हणजे आता तुम्हीही गैरहजर!" मी ओरडलो. एकाला आणायला तीन गेले. माझ्या गणितात चार लाल. मग मीही मागे गेलो, दुसरं काय करणार.

कॉलेजच्या शेतावरचा गोठा. आत पशुविज्ञानाच्या सकाळच्या वर्गाची पंधरा-वीस पोरंपोरी रबरी बूट घालून गोल उभी, मधे एक तांबडी गाय, आणि गाईमागे गवतात आडवा पसरलेला अमोस मॅब्री, उघडा, हात खांद्यापर्यंत गाईच्या आत. शेपूट धरून उभ्या डॉक्टर फ्लड, त्या विषयाच्या प्राध्यापक, बांध्यानं चिमणीएवढ्या.

"पुढचा पाय मागे दुमडलाय," त्या म्हणाल्या. "माझा हात पोचत नाही. सापडलं, अमोस?"

"खूर माझ्या मुठीत आहे. गर्भाशयाला लागू नये म्हणून झाकून आणतोय. ... आला."

ह्यूइट शिव्या घालायला तोंड उघडून उभा होता. ते तसंच उघडं राहिलं.

मग दोऱ्या बांधल्या. अमोसनं मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि एका शब्दानं माफी न मागता म्हणाला, "ह्यूइट, धर. तुम्ही दोघं पण. ओढायचं नाही!"

"मग धरू कशाला?"

"तिनं कळ दिली की ओढायचं. ती थांबली की थांबायचं. आणि सरळ नाही, खाली, तिच्या पायांकडे. जोर लावलास तर वासराच्या फासळ्या मोडतील."

"वर्षभर तू माझ्या चेंडूची वाट बघून उठतोस," ह्यूइट दोरी गुंडाळत म्हणाला, "आणि आज मी गाईच्या बुडाची वाट बघायची?"

"गप. कळ येतेय. आता!"

कुठल्याच स्टेडियमवर मी इतकी शांतता ऐकली नाही. ओढ, थांब. ओढ, थांब. मग एकदम सगळं घसरून गवतात आलं. अमोसनं नाकातोंडातली घाण काढली, काडीनं नाकात गुदगुल्या केल्या, आणि वासरू शिंकलं. ह्यूइट रडत होता. म्हणाला, डोळ्यात गवत गेलं.

डॉक्टर फ्लड मला म्हणाल्या, "ऑगस्टपासून येतोय. नाव नोंदवलेलं नाही, गुण मिळणार नाहीत, तरी येतो. ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशी माझी टिपणं मागून नेतो. प्रवेशासाठी मी सही द्यायला तयार आहे. त्यांच्या ऑफिसची सही कोण देणार?"

म्हणजे पोरगी नव्हतीच! व्हर्नाला कसं सांगू?

माझ्या हातात फोन तसाच. तेवढ्यात वाजला. हॅस्किन्स. "मिस्टर ओडेल, सगळे हिरवे ना?" मी फोन कट केला. अमोस बादलीत हात धूत होता. मी म्हटलं, "बेटा, मी हिरवं दाबतो. वर्गात होतास. कुठल्या का होईना."

त्यानं मान हलवली. "नको, सर. हिरवं दाबलंत तर मी तिथे खुर्च्यांच्या वर्गात होतो असं होईल. मी तिथे नव्हतो. मी इथे होतो. तेवढं तरी खरं राहू द्या."

"शनिवारी अर्धा सामना बाकावर बसशील."

"हो, सर."

"सगळा गाव मला फाडून खाईल."

"हो, सर," तो म्हणाला. "सॉरी, सर. गुडघा कसाय?"

दाबलं. चार लाल. गाढवा, गुडघ्याचं काय विचारतोस!

२३ नोव्हेंबर, शनिवार

हरलो.

कोच शब्दाचे पक्के निघाले. पहिला अर्धा भाग अमोस बाकावर. त्याच्या जागी एक नवखं पोर. ब्लँटनची माणसं त्याच्या अंगावरून अशी गेली, जशी उघड्या फाटकातून मेंढरं. आमचा क्वार्टरबॅक मैदानावर कमी आणि मातीत जास्त. कोच अमोसकडे एकदा बघायचे, मातीतल्या पोराकडे एकदा. उरलेल्या अर्ध्यात अमोस उतरला आणि डावीकडून कोणी आत घुसलं नाही. पण भोक फार मोठं पडलं होतं. तीन गुणांनी गेलो.

एका बोटानं अख्खा गाव हरवला मी.

२४ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये आमच्या बाकावर फक्त आम्ही दोघं. बाहेर पडताना न्हावी म्हणाला, "ओडेल, बोटाला काय झालं नाही ना?" व्हर्नानं त्याला असं काही उत्तर दिलं की ते चर्चच्या आवारात बोलायचं नव्हतं. ती टोपी तिनं कुत्र्याच्या खाली अंथरली आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

कोच ड्रूरींनी बोलावलं. व्हर्नानं इस्त्री केलेला शर्ट दिला. म्हणाली, नोकरी जायची तर नीटनेटकी जाऊ दे.

हॅस्किन्स कोपऱ्यात उभा होता. कोच म्हणाले, "मिस्टर ओडेल, बसा. तुम्ही तो गोठा पाहिलात?"

"पाहिला."

"ते दुपारचं काय असतं ते, पाचला संपतं?"

"असं म्हणतात."

"गोठ्यापासून मैदान किती लांब?"

मी म्हटलं, माझ्या गुडघ्यानं लांब, त्याच्या पायांनी नाही. कोचनी हॅस्किन्सकडे पाहिलं. हॅस्किन्स म्हणाला, "पण सर, सराव तीनला..."

"शनिवारी तू कुठे बसला होतास, कोलिन?"

"वर, काचेच्या खोलीत."

"मी खाली होतो," कोच म्हणाले. "तो पोरगा मन उडून दुसऱ्या कॉलेजात गेला तर डावीकडे कोण? तू उभा राहशील?"

मग मला हातानंच जा म्हणाले. नोकरीचं काहीच बोलले नाहीत. म्हणजे गेली, असंच धरून चाललोय. हरण्याचा राग माणसाला असा मूग गिळून बसवतो. पोराचंही माझ्यापायी वाटोळं झालं. आणि अंतरांची चौकशी कशाला करत होते? मैदान हलवणार आहेत की काय?

१४ जानेवारी, मंगळवार

नोकरी गेली नाही. नवं सत्र, फोनवर नवी नावं. खुर्च्यांच्या वर्गात ह्यूइट आहे, बाकीचे आहेत, अमोस नाही. मी लाल दाबणार तर त्याचं नावच यादीत नाही. काढलं शेवटी पोराला!

ह्यूइट जाता जाता म्हणाला, "मिस्टर ओडेल, खाली सरकवा. यादी लांब आहे."

सरकवली. तळाशी: मॅब्री, अमोस. पशुविज्ञान, प्रयोग. मंगळवार, दुपारी दोन ते पाच. गोठा.

म्हणजे आता मलाही गोठ्यावर जायचं! या थंडीत, या गुडघ्यानं, तेवढा चिखल तुडवत! एका पोराच्या हजेरीसाठी! ऑफिसला विचार करायला काही होतं का?

गेलो. फाटकाशी संघाची छोटी गाडी उभी, आत कोचचा मदतनीस, पाच वाजले की अमोसला सरावाला न्यायला, घड्याळावर नजर रोखून बसलेला. गोठ्यात अमोस, नाव नोंदवलेला, पाठीवर क्रमांक नाही, अंगात रबरी एप्रन. "गुड आफ्टरनून, मिस्टर ओडेल," म्हणाला. गुडघ्याचं विचारायच्या आत मीच म्हटलं, "वाईट आहे. गप काम कर."

हजेरी नोंदवायला फोन पुढे धरला, तर नोव्हेंबरातलं ते तांबडं वासरू कुठूनसं आलं आणि जीभ काढून अख्खा फोन चाटला. मी पुसून बघतो तर हिरवं लागलेलं. त्यानं दाबलं की मी, सांगता येणार नाही. पण बरोबर लागलं होतं, म्हणून तसंच राहू दिलं.

घरी आलो तर व्हर्ना दारातच. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "बूट बाहेर काढ. आणि घाबरू नकोस, कुठल्या पोरीकडे गेला होतास असं विचारत नाही मी."